परमुलखात पोटभर

रमजान उपवासाचा महिना असला तरी या महिन्यात बोलणं मात्र जेवणाचंच जास्त होतं. बोईसर स्टेशनबाहेर दुपार कलली की खजुराच्या आणि टरबुजाच्या गाड्या लागतात, भजी-समोशांच्या कढया तापू लागतात, फळं चिरून ठेवली जातात. मगरिबची अजान झाली की घरोघरी दस्तरख्वान पसरला जातो. दस्तरख्वान म्हणजे जमिनीवर अंथरायचं कापड. त्याच्याभोवती बसून घरातली लहानथोर माणसं एकत्र रोजा सोडतात. डहाणू-घोलवडचा चिकू, खजूर, पाण्याचा घोट, लाल सरबत आणि त्यानंतर नमाज.

पालघर, मनोर, चिंचणी, तारापूर, डहाणू या पट्ट्यातल्या पुष्कळ घरांत त्या कापडाभोवतीची एखादी जागा मात्र रिकामी असते. मुलगा, भाऊ किंवा नवरा आखातात आहे. कुणी वेल्डर, कुणी फिटर, कुणी ड्रायव्हर, कुणी गोदामात, कुणी हॉटेलात. इकडे रोजा सुटतो तेव्हा दुबईत अजून तासाभराहून थोडा जास्त वेळ बाकी असतो, रियाधला तर साधारण पावणेदोन तास. त्यामुळे आई फोन लावते तेव्हा तिचं पोट भरलेलं असतं आणि लेक अजून उपाशी असतो. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, आज काय खाणार? पगार, तब्येत, सुट्टी हे सगळं त्यानंतर.

हा प्रश्न फक्त मुसलमानांच्या घरातला नाही. आखातात गेलेल्या हिंदू आणि ख्रिस्ती मुलांच्या आयाही तोच विचारतात. आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या पोराला त्याची उत्तर प्रदेशातली, बिहारमधली किंवा ओडिशातली आईसुद्धा तेच विचारते. घर सोडून गेलेला माणूस पोटभर जेवतो की नाही, यावर घरच्यांची झोप अवलंबून असते.

एक थाळा, चार हात

आखातात कामगाराचं रोजचं जेवण साधंच असतं. एका खोलीत सहा-आठ जण, खाली-वर पलंग, सामायिक स्वयंपाकघर, नाही तर मेसचा डबा. डाळ, भात, खुबूस म्हणजे तिकडची स्वस्त रोटी आणि एखादं कालवण. पैसा वाचवायचा असतो, कारण तो गावी पाठवायचा असतो. घराचा स्लॅब, बहिणीचं लग्न, बापाचं ऑपरेशन, एजंटाचं देणं या सगळ्याचा हिशेब त्या डब्यातून निघत असतो.

म्हणून पगार झाल्यानंतरच्या सुट्टीच्या रात्री चौघांनी मिळून हॉटेलात जाणं ही तिकडची मोठी गोष्ट. स्वस्तात पोट भरायचं तर केरळी माणसाची कॅफेटेरिया असते. पराठा, अंड्याचं ऑम्लेट आणि घट्ट कडक चहा, ज्याला तिकडे 'करक' म्हणतात. दुबईच्या सतवा भागात 1978 पासून चाललेलं रावी हे पाकिस्तानी हॉटेल आहे. गेल्या चार-पाच दशकांत किती देशांचे कामगार, टॅक्सीवाले आणि साहेब लोक तिथल्या टेबलांवर शेजारी शेजारी बसून जेवले असतील, त्याला गणती नाही. पण ज्याला खरोखर मेजवानी म्हणावी, ती मंदीची.

मंदी मूळची येमेनची, हदरमौत भागातली. जमिनीत पुरलेली मातीची खोल भट्टी, तळाशी निखारे, त्यावर तांदळाचं भांडं आणि त्याच्याही वर टांगलेलं किंवा जाळीवर ठेवलेलं मटण. तोंड घट्ट बंद करायचं आणि काही तास विसरून जायचं. मटणाचा रस आणि चरबी थेंब थेंब खालच्या भातात उतरते. मंदी हे नाव ओलावा, दव अशा अर्थाच्या अरबी शब्दावरून आलं असं सांगतात, ते खाताना पटतं. आपल्या भागात थंडीत मडक्यात शेंगा आणि कंद भरून उकडहंडी लावतात. ती ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना बंद भांड्यातल्या वाफेची आणि धुराची ती चव समजावून सांगावी लागणार नाही.

मंदीच्या हॉटेलात बऱ्याच ठिकाणी टेबल-खुर्च्या नसतात. आडोसा केलेल्या छोट्या जागेत गालिचावर बसायचं. मध्ये प्लॅस्टिकचं पातळ कापड अंथरलं जातं, तोच दस्तरख्वान. आधी मटणाच्या पाण्याचं गरम सूप येतं, मग काकडी-कांदा, लिंबू, टोमॅटो-मिरचीची झणझणीत चटणी आणि ताक. त्याला तिकडे लबन म्हणतात. नंतर एकच मोठा थाळा येतो. भाताचा डोंगर, त्यावर मनुका-बदाम आणि हाडापासून सहज सुटणारं मटण. चौघांसाठी चार ताटं नाहीत. चार बाजूंनी चार हात.

अशा थाळ्याचे काही रिवाज आहेत. उजव्या हाताने खायचं. आपल्या पुढ्यातलंच खायचं, दुसऱ्याच्या बाजूला हात घालायचा नाही. प्रेषित मुहंमदांनी मुलांना दिलेली ही शिकवण मुस्लिम घरांत लहानपणीच अंगवळणी पाडली जाते. पण थाळ्यावर आणखी एक न सांगितलेला नियम असतो. चांगला तुकडा हळूच समोरच्याच्या बाजूला सरकवायचा. ज्याला आज घरून वाईट बातमी आली आहे, ज्याचा इकामा म्हणजे राहण्याचा परवाना अडकला आहे, ज्याला नवीन म्हणून अजून लाज वाटते, त्याच्या बाजूला मटण थोडं जास्त जमा होतं. कुणी त्याबद्दल बोलत नाही.

मनोरचा मुलगा, केरळचा मुलगा, नेपाळचा आणि पेशावरचा असे चौघे एका थाळ्यावर बसले, तर भाषा हिंदीच्या जवळपास कुठे तरी जमते. देशादेशांचं भांडण त्या भाताच्या डोंगरावर चढत नाही. तासाभराने हात धुऊन, वेलचीचा चहा पिऊन सगळे पुन्हा आपापल्या पलंगावर जातात. कित्येक जण त्या थाळ्याचा फोटो घरी पाठवत नाहीत. आपण इथे मटण झोडतो आणि घरी आई आमटी-भातावर भागवते, ही टोचणी असतेच. काही जण मात्र मुद्दाम पाठवतात, आईला झोप लागावी म्हणून.

रमजानमध्ये आखाताची घडीच बदलते. संयुक्त अरब अमिरातीत या महिन्यात कामाचे तास दिवसाला दोनने कमी होतात, आणि ही सवलत रोजा ठेवणाऱ्यापुरती नसते. मशिदींबाहेर तंबू लागतात, लांबच लांब पंगती बसतात. मदिनेच्या मशीद-ए-नबवीत रोज संध्याकाळी अंथरल्या जाणाऱ्या दस्तरख्वानांवर अनोळखी माणसाला हाताला धरून बसवलं जातं. आमच्या पंगतीला या, अशी तिथे ओढाताण चालते. घरापासून दूर असलेल्या माणसाला कुणीतरी हात धरून जेवायला बसवणं म्हणजे काय, हे तिथून आलेल्या कुणालाही विचारावं.

चिंचणीच्या ताम्रपटातलं अन्नछत्र

आपली माणसं अरबांच्या मुलखात जाऊन जेवतात, ही गेल्या चार-पाच दशकांतली गोष्ट. पण याच किनाऱ्यावर याच्या उलट घडलेलं आहे आणि ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून ठेवलेलं आहे.

डहाणू तालुक्यातल्या चिंचणी गावात गेल्या शतकाच्या पन्नाशीत काही ताम्रपट सापडले. नामवंत पुरालेखतज्ज्ञ दिनेशचंद्र सरकार यांनी ते वाचून 'एपिग्राफिया इंडिका'मध्ये प्रसिद्ध केले. त्यातला एक लेख राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके 848 म्हणजे इसवी सन 926 चा आहे. त्या वेळी हा सगळा भाग 'संयान मंडल' म्हणून ओळखला जाई. संयान म्हणजे आजचं संजाण, आपल्या जिल्ह्याच्या हद्दीला लागून असलेलं गुजरातमधलं गाव. पारशी समाजाच्या परंपरेत त्यांचे पूर्वज इराणहून येऊन उतरले ते हेच गाव.

या संयान मंडलाचा कारभार राष्ट्रकूटांनी ज्याच्या हाती दिला होता, त्याचं नाव लेखात 'मधुमती' असं आलं आहे. त्याला सुगतिप असंही म्हणत. तो 'ताजिक' होता, म्हणजे अरब. संस्कृत लेखांत अरबांसाठी हा शब्द वापरला जाई. मधुमती हे मुहंमद या नावाचं संस्कृत रूप आहे, असं अभ्यासक मानतात. तिसऱ्या इंद्राच्या आधीचा राजा दुसरा कृष्ण याने त्याला नेमलं होतं. एका हिंदू राजाने आपल्या किनाऱ्याचा कारभार एका मुसलमानाकडे सोपवला होता, अकराशे वर्षांपूर्वी.

या मधुमतीने काय केलं, हे लेखात सांगितलं आहे. त्याने बंदरांवर हुकमत बसवली, हे तर कुठलाही सुभेदार करतोच. पण त्याने दोन नद्यांवर लोकांना पार करायला फुकट नावा ठेवल्या. आणि संयानात एक सत्र काढलं. सत्र म्हणजे आपण आज अन्नछत्र म्हणतो ते. तिथे येणाऱ्याला काय मिळे, तेही लिहिलं आहे. साळीचा भात, कालवणं आणि तूप. मोबदला काही नाही.

वाढणाऱ्याने हात आखडता घेतलेला नाही, हे त्या यादीवरूनच दिसतं. भिक्षा घालायची असती तर पेज आणि मीठही चाललं असतं. तूप हा पाहुण्याचा मान आहे. ज्या जिल्ह्याच्या वाडा कोलम तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तिथल्या वाचकाला चांगल्या भातावर तूप पडण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच लेखात पुढे आणखी एक गोष्ट आहे. अन्नैय नावाच्या ब्राह्मणाने संयानात देवीची मठिका स्थापन केली होती. तिच्या देखभालीसाठी, देवीच्या नैवेद्यासाठी आणि तिथल्या पंचगौडीय महापर्षदेच्या नऊ जणांच्या जेवणासाठी जमीन देण्यात आली. ही जमीन दिली ती या मधुमतीने, राजाच्या संमतीने. पंचगौड म्हणजे उत्तरेकडचे ब्राह्मण. सुभेदार अरब, राजा दख्खनचा, देवी इथली, जेवणारे उत्तरेचे. आजच्या बोईसरच्या एखाद्या चाळीत याहून फार वेगळी सरमिसळ सापडणार नाही.

ही एकटी घटना नव्हती. याच सुमाराला, इसवी सन 915-16 च्या आसपास, अल मसूदी हा बगदादचा प्रवासी सैमूरला म्हणजे रायगड जिल्ह्यातल्या चौलला येऊन गेला. तिथे सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेल्या सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती असल्याचं त्याने लिहून ठेवलं. अरब प्रवासी राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणत आणि तो परदेशी व्यापाऱ्यांना चांगलं वागवतो असं आवर्जून नोंदवत. ज्यांना या मुलखाने सांभाळून घेतलं, त्यांच्यातल्याच एकाने इथल्या वाटसरूसाठी चूल पेटवली, असा हा हिशेब आहे.

बोईसर हेही कुणाचं तरी आखात

चिंचणीपासून थोड्याच अंतरावर तारापूरचं अणुवीज केंद्र आहे. 1969 पासून तिथे वीज तयार होते. सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत उभी राहिली. आज तिथे रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद असे हजारावर कारखाने आहेत. त्यांच्या आधाराने बोईसर गावाचं शहर झालं. अवधनगर, भैयापाडा, काटकरपाडा, धोडीपूजा या वस्त्यांतल्या भाड्याच्या खोल्यांतून देशभरातली माणसं राहतात. अवधनगरच्या तर नावातच अवध आहे.

दुबईच्या लेबर कॅम्पमधलं सगळं चित्र इथे आहे. एका खोलीत पाच-सहा जण, पाळीपाळीने स्वयंपाक, गावी जाणारा पैसा, सुट्टीच्या दिवशी हॉटेलातली बिर्याणी किंवा खाणावळीतली मटणथाळी. फरक इतकाच की इथला मालक आणि घरमालक आपण आहोत. मनोरचा मुलगा रियाधला जितका परका, तितकाच गोंडा किंवा बालासोरचा मुलगा बोईसरला परका.

रमजानमध्ये या परकेपणाची धार वाढते. दुसऱ्या पाळीच्या कामगाराचा रोजा मशीनजवळच सुटतो. दोन खजूर, बाटलीतलं पाणी, जमलं तर वडापाव. अशा वेळी शेजारच्या मशीनवरचा सहकारी पाच मिनिटं दोन्हीकडे लक्ष ठेवतो. तो बहुतेक वेळा मुसलमान नसतो. खोलीवर परतल्यावर स्वयंपाक करण्याचं त्राण उरत नाही. वस्तीतल्या मशिदीत इफ्तारची सोय असते, पण पाळीच्या वेळेमुळे त्याला ती गाठता येत नाही.

परक्या माणसाला काय वाटून घ्यायचं, हा प्रश्न या जिल्ह्याने फार कडू रीतीने अनुभवला आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे चोरांच्या अफवेवरून जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. ते तिघे वाटसरू होते. त्यानंतर दहाएक दिवसांत रमजान सुरू झाला, टाळेबंदीतला. मशिदी बंद, कारखाने बंद, खाणावळी बंद. मे महिन्यात पालघरहून श्रमिक गाड्या सुटल्या, तेव्हा कित्येक महिन्यांचं सामान एका पिशवीत कोंबून लोक रांगेत उभे होते. त्या दिवसांत याच जिल्ह्यात खिचडीच्या देगा आणि पोळी-भाजीची पाकिटंही निघाली. रोजा ठेवलेल्या हातांनी भर दुपारी दुसऱ्यांना जेवण वाढलं आणि घेणाऱ्याचं नाव-गाव कुणी विचारलं नाही. भीतीने काठी उचलणारा आणि पळी उचलणारा, दोन्ही हात याच मातीतले. कुठला हात आधी पुढे होतो, हे त्या त्या दिवशी आपणच ठरवत असतो.

इस्लाममध्ये वाटसरूला फार मोठी जागा आहे. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलण्याची मुभा आहे. जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत गरीब आणि कर्जबाजारी यांच्याबरोबर 'इब्नुस्सबील'ही आहे. शब्दशः रस्त्याचा लेक, म्हणजे घरापासून दूर अडकलेला माणूस. तो आपल्या गावी भले सुखवस्तू असेल, आज वाटेवर आहे म्हणून त्याचा हक्क बनतो. आणि रोजेदाराचा रोजा सोडवणाऱ्याला त्या रोजाइतकंच पुण्य मिळतं, रोजेदाराच्या वाट्यातून काही कमी न होता, अशी प्रेषितांची शिकवण आहे. त्यासाठी मेजवानी लागत नाही. एक खजूर पुरतो.

भरलेलं ताट, उरलेलं ताट

पोटभर जेवण ही सुखाची गोष्ट आहे आणि रमजानमध्ये त्या सुखाची लाज वाटायचं कारण नाही. पण त्यालाही माप आहे. पोटाचा एक भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला, असं मुस्लिम घरांतली वडीलधारी माणसं सांगत आली आहेत, आणि तेही प्रेषितांच्याच शिकवणीतून. आखातातल्या मोठ्या हॉटेलांत इफ्तारच्या नावाखाली जे प्रचंड बुफे लागतात, त्यातलं किती अन्न रात्री कचऱ्यात जातं, यावर तिकडची सरकारंही दरवर्षी कानउघाडणी करतात. इकडे शामियाना घालून, बॅनर लावून होणाऱ्या इफ्तारींचीही तीच गत होते. तिथे पुढाऱ्यांच्या टेबलावर काजू आणि मागच्या रांगेत थंड झालेली भजी असतात. मंदीच्या थाळ्यावर मागची रांग नसते. तिथे सगळे सारख्याच अंतरावर बसतात.

एकाचं जेवण दोघांना पुरतं आणि दोघांचं चौघांना, ही शिकवण मुस्लिम घरांत नेहमी सांगितली जाते. मराठी घरांतही वेगळं काही नाही. पाहुणा येईल म्हणून डाळीत वाटीभर पाणी वाढवून ठेवणाऱ्या आज्या दोन्हीकडे होत्या. बोईसरच्या वस्त्यांत हे आजही शक्य आहे, आणि त्याला संस्था किंवा देणगीदार लागत नाहीत. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या पोरांच्या खोलीत इफ्तारचं एक झाकलेलं ताट जाऊ शकतं. खाणावळवाल्याने दुसऱ्या पाळीच्या रोजेदाराचा डबा अर्धा तास आधी कंपनीच्या गेटवर पोचवला, तरी त्याचा रोजा नीट सुटतो. आणि ईदला शीरखुर्मा वाटताना त्या खोलीचं दार चुकवू नये. खोलीतली पोरं मुसलमान आहेत की नाहीत, हे विचारायची गरज नाही. दिवाळीत फराळाचं ताट आपल्याही दारी असंच न विचारता आलेलं असतं.

आखातातून सुट्टीवर आलेले लोक तिकडच्या उंच इमारतींबद्दल थोडं आणि तिकडच्या जेवणाबद्दल पुष्कळ बोलतात. पहिल्या रमजानमध्ये कुणी हात धरून पंगतीला बसवलं, कुठल्या येमेनी हॉटेलवाल्याने नवीन आहे म्हणून भात पुन्हा वाढला आणि पैसे घेतले नाहीत, हे त्यांना वीस वर्षांनंतरही आठवतं. बोईसर सोडून गावी परत गेलेला माणूस आपल्या गावात बसून आपल्याबद्दल असंच काही सांगत असेल का, हे आपल्या वागण्यावर आहे.

संयानच्या त्या अन्नछत्रात कोण कोण जेवून गेलं, त्यांची नावं, गावं, जाती, धर्म ताम्रपटात नाहीत. भात, कालवण आणि तूप, एवढंच लिहिलेलं आहे.